गजरा राहू दे

आज मदर्स डे म्हणून आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम ठेवलेला. खुर्च्या, स्पीकर, सामोसे, कोकम सरबत, सगळं झकास. प्रत्येक आईला एक गुलाब आणि एक मोगऱ्याचा गजरा द्यायचा असं ठरलेलं, वर्गणी मीपण दिलेली. एक दहा-बारा वर्षांची पोरगी ताट घेऊन ओळीनं येत होती, माझ्या आईसमोर आली, आईनं हात पुढं केलासुद्धा, आणि मागून एका वहिनींचा आवाज आला, "काकूंना गुलाब दे गं फक्त. गजरा राहू दे."

आणि किती मायेनं म्हणाल्या माहितीये का! म्हणजे जसं काही आईला अवघडायला नको म्हणून त्यांनीच सांभाळून घेतलं.

पोरगीनं विचारलं, "का?" कुणी काही बोललं नाही. आईनं गुलाब घेतला, "ऱ्हाऊ दे बाळा, मला कुठं केस ऱ्हायलेत आता" म्हणून हसली. सगळे हसले. मीपण हसले. आता रात्रीचे पावणेअकरा वाजलेत आणि मला ते माझं हसणंच जास्त खुपतंय.

त्याच्या पाचच मिनिटं आधी सूत्रसंचालन करणारा कॉलेजचा मुलगा मोबाईलवर बघून मदर्स डेचा इतिहास वाचत होता. अमेरिकेत अ‍ॅना जार्विस नावाची बाई होती, तिची आई 1905 मध्ये गेली, मग 1908 च्या मे महिन्यात तिनं ग्राफ्टन गावातल्या आईच्या चर्चमध्ये 500 पांढरी कार्नेशन पाठवली, कारण आईला ती फुलं आवडायची. पुढं तिकडं पद्धत पडली, आई हयात असेल तर लाल किंवा गुलाबी फूल लावायचं, नसेल तर पांढरं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिकडं फुलाचा रंग आई आहे की नाही यावर ठरायचा, आणि आमच्या सांगलीत आईला फूल मिळणार की नाही हे बाबा आहेत की नाही यावर ठरतं! वाजवा टाळ्या.

माझे बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. शर्टाची कॉलर कायम पिवळी, कितीही धुवा. दर शनिवारी पगाराची पुडी आणि गजऱ्याची पुडी. गजरा पानात बांधलेला, बाबांच्या खिशात चेपून यायचा, त्यामुळं मोगऱ्याला पण हळदीचा वास. आई म्हणायची, "हा गजरा आहे का भाजीची फोडणी?" आणि माळायचीच. 2012 ला बाबा गेले. ज्या माणसाच्या अंगालाच आयुष्यभर हळद चिकटलेली, तो गेल्यावर माझ्या आईचं हळदीकुंकू बंद झालं. हे लिहितानाच हात थरथरायला लागलेत.

बरं, आपल्याकडं आईसाठी फुलांचा सण कुठला आहे, सांगा ना. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या कागदाला आघाडा-दुर्वांची माळ घालते ती आईच, पोरांसाठी. पिठोरी अमावस्येला मातृदिन म्हणतात, त्या दिवशी पण उपास आईचा, स्वयंपाक आईचा, वाण डोक्यावरून मागं धरून "अतिथी कोण?" विचारते तीच, आपण फक्त "मी" म्हणून खायचं. आणि पितृपक्षात अविधवा नवमी येते. तेव्हा मात्र गेलेल्या आईचा मान, तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायची, ओटी भरायची. अट एकच, बाई नवऱ्याच्या आधी मेलेली पाहिजे. जिवंत राहिली ही माझ्या आईची चूक झाली का ओ?

हो, मान्य, जुन्या बायका स्वतःच नको म्हणतात. म्हणणारच. दहा वेळा ताट पुढून गेल्यावर कुठलीही बाई अकराव्या वेळी आपणच नको म्हणेल.

2022 च्या मे महिन्यात, म्हणजे याच महिन्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या बाकीच्या ग्रामपंचायतींना पण तसंच करा म्हणून सांगितलं. हेरवाड इथून गाडीवर तासाभराच्या आत आहे. तेव्हा आमच्या याच अपार्टमेंटच्या ग्रुपवर त्या बातमीला हात जोडलेले, फुलांचे, झेंड्याचे किती इमोजी आलेले. आज ताट फिरलं तेव्हा ते सगळे तिथंच बसलेले, सामोसा खात.

पण खरं सांगू का, मघापासून मी त्या वहिनींवर चिडून लिहितेय आणि मला दुसरंच आठवतंय.

बाबा गेल्यावर पण आई गजरे करतच होती. आमच्या जुन्या घरामागं मोगरा आणि अबोली होती. मे महिन्यात संध्याकाळी ती कळ्या काढायची, ताटलीत ओल्या फडक्यावर पसरायची, आणि टीव्ही बघत बघत केळीच्या सोपटात गुंफायची. दोन मोगरा, एक अबोली, दोन मोगरा, एक अबोली. बोटांकडं बघायची पण नाही. शेजारच्या दोघींना एकेक वीत द्यायची, आणि मी कॉलेजला निघाले की मला उंबऱ्यात थांबवून वेणीत माळायची, पिन दातात धरून. "हलू नको गं." मी दर वेळी हलायची. दोन-तीन वर्षं रोज तिच्या हातचा गजरा माझ्या डोक्यात. मला एकदासुद्धा, एकदासुद्धा तिला विचारावंसं वाटलं नाही की आई, तुला?

त्या वहिनी निदान मोठ्यांदा तरी बोलल्या.

असो. कार्यक्रम झाल्यावर मी गाडी काढली आणि गणपती मंदिराजवळ गेले, बाहेर गजरेवाल्या मावशी बसतात तिथनं दोन हात मोगरा घेतला. घरी येऊन आईसमोर धरला. ती म्हणाली, "केवढ्याला दिला?" म्हटलं साठ. "लुटलं तुला. कळ्या सकाळच्या आहेत." मग म्हणाली, देवाला घाल. मी म्हटलं देवाला जास्वंद आहे, हा तुला आणलाय. ती काही बोलली नाही, उठून कुकर लावला. मी हट्ट करायला पाहिजे होता की नको, मला अजून कळत नाहीये. तिच्या डोक्यात जबरदस्तीनं माळायला मी कोण, आणि नाही माळला तर मग मी आणि त्या वहिनी यात फरक काय, असलं काहीतरी डोक्यात चाललेलं.

जेवण झाल्यावर पाणी प्यायला गेले तर ओट्यावर गजरा नव्हता. फ्रीज उघडला. भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या बाजूला, ओल्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला. देवाचा असता तर देवावर गेला असता ना?

विचारलं नाही मी. ती झोपलीये.