गांजाचं तेल, कॅन्सर आणि तो फिरणारा मेसेज

‘गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो. झाड नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत. औषध कंपन्यांना नको होतं म्हणून 1985 साली बंदी आणली.’ आत्याची केमो सुरू असताना आमच्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज तिघांनी टाकला. पुढची केमो सोडून तेलच मागवू, असं ती म्हणायला लागली, म्हणून लिहितेय. गांजाच्या वैद्यकीय वापराला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे.

कॅन्सर बरा होण्याचं आधी. काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी गांजातल्या रसायनांनी मेल्या, हे खरं. पण बशीतल्या पेशी कशानेही मरतात. माणसांवरच्या चाचण्यांत गांजाने कॅन्सर बरा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. केमोनंतरच्या उलट्या मात्र कमी होतात. त्यासाठी गांजातल्या रसायनाच्या धर्तीवर बनवलेल्या ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही 1985 सालीच. ती विकली औषध कंपन्यांनीच. मग दडपलं कोणी?

‘साइड इफेक्ट नाहीत’ हेही खोटं. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या हट्टी अपस्मारावर गांजातलं कॅनाबिडिऑल देऊन पाहिलं. 2017 साली निकाल आला: महिन्याला साधारण 12 झटके येत होते, ते 6 वर आले. त्या आयांना हा फरक केवढा वाटला असेल! पण त्याच चाचणीत काही मुलांच्या यकृताची एन्झाइम्स वाढली, विशेषतः व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचं औषध चालू असलेल्यांची. म्हणजे रक्ततपासणी हवी, डोस मोजून हवा. बाटलीतल्या घरगुती तेलात काय किती आहे, हे कोण सांगणार? आणि आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की वैद्य भांग शोधन म्हणजे शुद्धीकरण करूनच वापरतात आणि आपल्या औषध नियमांच्या ई-1 या विषारी द्रव्यांच्या यादीत तिचं नाव आहे.

राहिला कायदा. एनडीपीएस या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम 8 मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी सूट लिहिलेलीच आहे. नुसती पानं तर गांजाच्या व्याख्येतच येत नाहीत. 2020 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. अडचण आहे ती परवाने आणि अंमलबजावणीची.

अफूचंच बघा. मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने पीक निघतं, त्यातून मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध होतं. कॅन्सरच्या रुग्णाला बोंडं चघळायला कोणी सांगत नाही. मिलिग्रॅम मोजून गोळी देतात. तरी याच 1985 च्या कायद्याच्या परवान्यांच्या जंजाळाने मॉर्फिन कित्येक रुग्णालयांतून गायब झालं. 2014 ची दुरुस्ती त्यासाठीच करावी लागली. आत्याच्या वेदना वाढल्या तेव्हा दोन रुग्णालयांत ते नव्हतं, तिसऱ्यात मिळालं. त्या रात्री ती सलग पाच तास झोपली.