पार्किंग आपलं, पैसे त्यांचे

पुनर्विकासातल्या फ्लॅटची चावी मिळाली, वास्तुशांत झाली, पाचपाखाडीतल्या जुन्या शेजाऱ्यांनी 'आता काय बुवा, टॉवरवाले' म्हणून टोमणाही मारून झाला. आता सोसायटीचं पहिलं बिल येईल. ते दिसताच मोबाइल काढून पैसे पाठवणारी माणसं असतात. ठाण्यात अशांची संख्या अजून बरी आहे आणि तुमचं सगळं भवितव्य त्यांच्यावरच अवलंबून आहे. त्यांची टिंगल करू नका, त्यांना जपा. ते भरतात म्हणून लिफ्ट चालते, आणि लिफ्ट चालते म्हणून तुम्हाला चौदाव्या मजल्यावर जाऊन निवांतपणे 'मी भरणार नाही' असं म्हणता येतं.

बिल नीट वाचा. सेवा शुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची गंगाजळी), पाणी, लिफ्ट, पार्किंग. प्रत्येक रकान्यावर एक तरी शंका काढता आली पाहिजे. सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, असं आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, लिहिलंय. तुमचा वन बीएचके असेल तर हा घोर अन्याय आहे. थ्री बीएचके असेल तर उपविधी म्हणजे ब्रह्मवाक्य. लिफ्टचा खर्चही वापरा न वापरा, सगळ्यांना समान. पहिल्या मजल्यावर राहत असाल तर तुमची सात-आठ वर्षांची सोय इथेच झाली. पाण्याचा हिशेब घरातल्या नळांवरून होतो, त्यामुळे कमिटीची माणसं मोजायला येतील त्या दिवशी बाल्कनीतला नळ जास्वंदीच्या कुंडीमागे गेला पाहिजे. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. पाव आणि पाऊण मिळून चक्क एक टक्का होतो, हे सभासदांच्या लक्षात तुम्हीच आणून द्या. आवाज चढवून.

शंका नेहमी लेखी विचारा, तीही बिलाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी. खजिनदार बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. ते रात्री जागून, व्हाउचर क्रमांकांसकट, दोन पानी उत्तर देतात. ते उत्तर वाचायची गरज नाही. 'आपले पत्र मिळाले. समाधान झाले नाही.' एवढं लिहून पोच घ्या. प्रश्न अनुत्तरित असेपर्यंत बिल भरणं हा स्वतःच्या तत्त्वांशी द्रोह आहे, आणि पंधरवड्याला एक पत्र टाकलं की प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हे झालं किरकोळ. खरा खेळ पार्किंगचा.

इथे तुमच्याकडे दोन बाजू हव्यात आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या मानता आल्या पाहिजेत. पहिली बाजू मालकाची. जागा कमी आणि गाड्या जास्त म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटप करायची भाषा निघाली की उभं राहा आणि छातीवर हात ठेवून सांगा, "मी बिल्डरला वेगळे पैसे मोजलेत. ती जागा माझी आहे." कुणीतरी आगाऊ सभासद २०१० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढेल, की स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकताच येत नाही, ती सोसायटीची सामाईक असते. त्याच्याकडे दयेनं बघा. त्यानं अजून बिल्डरची पावती पाहिलेली नाही. (तुम्हीही पाहिलेली नाही. तो व्यवहार पावतीचा नव्हता.)

दुसरी बाजू काढायची पार्किंगचं शुल्क मागितलं की. तोच निकाल आता तुम्ही वाचायचा. "जागा सामाईक आहे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. सामाईक जागेचं भाडं माझ्याकडून कसं घेता?" गाडी लावा न लावा, जागा मिळालेल्या सभासदानं सर्वसाधारण सभेनं ठरवलेलं शुल्क द्यायचं, असं उपविधी म्हणतात. पण उपविधी काढायला सेक्रेटरीला कपाटाची चावी लागते आणि चावी चेअरमनकडे असते, चेअरमन मुलीकडे पुण्याला असतात.

ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांच्यासाठी रेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियमन ठेवणारा, कायदा आहे. त्यात गॅरेज म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. छप्पर पोडियमचं आहेच. राहता राहिल्या तीन भिंती. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला आजोबांचं गोदरेजचं कपाट, तिसऱ्या बाजूला गणपतीचं मखर, कूलर, मुलाची लहानपणची सायकल आणि पाणीटंचाईत घेतलेले निळे ड्रम. घोडबंदर रोडला राहत असाल तर ड्रमवर कुणी बोटही ठेवणार नाही. टँकर लागतो त्या गावात ड्रमला देव्हाऱ्याचा मान असतो. झालं तुमचं गॅरेज. आता गाडी मात्र बाहेर पाहुण्यांच्या जागेत लावावी लागेल, त्याला इलाज नाही.

नव्या टॉवरमध्ये अलीकडे जमिनीवरची जागा मिळत नाही, स्टॅक मिळतो. खाली एक गाडी, वर लोखंडी पॅलेटवर दुसरी. वरची काढायची तर आधी खालच्यानं आपली बाहेर घ्यायची, मग किल्ली फिरवायची, पंप घुंऽऽ करून सुरू होतो आणि पॅलेट खाली येतं. शेजारधर्माची एवढी कसोटी चाळीतल्या सामाईक नळानंही पाहिली नसेल. या यंत्राला देखभालीचा करार लागतो. तेल बदलावं लागतं, होज पाइप तपासावे लागतात, साखळीला ग्रीस द्यावं लागतं. त्यासाठी पार्किंगवाल्यांकडून वेगळी वर्गणी मागतात.

ती अर्थातच द्यायची नाही. का, ते क्रमानं समजून घ्या, कारण यात सहकाराचं सगळं सौंदर्य आलं. तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी काही जण वर्गणी देत नाहीत, म्हणून कराराचे पैसे थकतात. पैसे थकले म्हणून कंत्राटदाराचा माणूस येत नाही. माणूस येत नाही म्हणून एखाद्या सकाळी पॅलेट अर्ध्यात अडकतं. आणि पॅलेट अडकलं की तुम्हाला हक्कानं म्हणता येतं, "चालत नाही त्या मशीनचे पैसे कशाला भरू?" कारण आणि परिणाम एकमेकांच्या मागे असे गोल फिरत राहतात आणि मधल्या मध्ये तुमचे पैसे खिशात राहतात.

अशा सकाळी खाली जाऊन अवश्य बघा. पॅलेट जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तिरकं थांबलेलं असतं. त्यावर सहाव्या मजल्यावरच्या काकूंची जुनी व्हॅगन आर, मागच्या काचेत स्वामी समर्थांचं स्टिकर. काकांची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ साडेनऊची. काकू हातात फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन वर बघतायत. होजच्या जोडातून हायड्रॉलिक तेलाचा थेंब दर काही सेकंदांनी खालच्या सिमेंटवर पडतोय, आणि वॉचमननं तिथे शहाळ्याची करवंटी ठेवलीय. काकूंनी वर्षाची वर्गणी एप्रिलमध्येच भरलीय, पावती त्या फाइलमध्येच आहे. तुम्ही त्यांच्याजवळ उभे राहा आणि जोरात म्हणा, "बघा काकू, काय कारभार आहे कमिटीचा!" मग त्यांना रिक्षा मिळवून द्या. माणुसकी सोडू नये.

थकबाकीवर व्याज लागेल, त्याला भिऊ नका. उपविधींप्रमाणे ते वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, आणि सरळव्याज. क्रेडिट कार्डवाले याच्या जवळपास दुप्पट घेतात, तेही चक्रवाढ. शिवाय सोसायटीला जामीनदार लागत नाही, सिबिल लागत नाही, पगाराची स्लिप लागत नाही. इतकं सोपं कर्ज ठाण्यात दुसरीकडे कुठे मिळतं ते मला कळवा. आणि ते व्याज शेवटी द्यावं लागतं हा तुमचा गैरसमज आहे. बाकी पुरेशी फुगली की कमिटीच हात जोडून येते, "मुद्दल भरा, व्याज सोडून देऊ." म्हणून बाकी अर्धवट ठेवू नका. तीन महिन्यांची बाकी असलेल्याला नोटीस येते, तीन वर्षांची बाकी असलेल्याला चहाला बोलावतात. वेळेवर भरणाऱ्याला आजवर कोणत्या सभेत कशाची सूट मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यानं भरलंच कशाला होतं इतक्या लवकर?

आणखी एक फायदा. थकबाकीदाराला व्यवस्थापक समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणजे रात्री साडेअकराला 'लिफ्टमध्ये कुत्र्यानं घाण केलीय' असा फोन तुम्हाला आयुष्यात कधी येणार नाही. कायद्यानं दिलेलं एवढं संरक्षण लोक पैसे भरून घालवतात.

फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क मागतील. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही तारीख पाठ करा. बिलाची देय तारीख नाही आठवली तरी चालेल. पण १० टक्के तरी का द्यायचे? जवळच्या नातेवाइकांना हे शुल्क लागत नाही. भाडेकरू म्हणजे मेहुणा, असं सांगून मोकळे व्हा. मेहुणा दर ११ महिन्यांनी बदलतो हे वॉचमनखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वॉचमनला दिवाळी कोण देतं?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिला जा. वेळेवर मात्र जाऊ नका. दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातला जो आकडा कमी तेवढी गणसंख्या लागते. ती कधीच होत नाही. सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच ठिकाणी, आहेत तेवढ्या माणसांत भरते. तुम्ही बटाटेवडे येण्याच्या सुमारास पोहोचा. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना पहिली हरकत घ्या, 'माझे शब्द जसेच्या तसे नोंदवलेले नाहीत.' यात पाऊण तास जातो. हिशेबपत्रक यायच्या वेळी ऑडिटरनं कोणत्या पेननं सही केली इथपासून सुरुवात करा. पार्किंगच्या देखभालीचा विषय अजेंड्यावर सातवा असतो आणि सहाव्या विषयाला खालच्या हॉलची वेळ संपते. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात त्यांनी तो घुसवायचा प्रयत्न केला, तर नोटिशीत तो नव्हता असं सांगून सभात्याग करा. वडा हातात असेल तर तो खाऊन मग.

नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागेल. यादीत तुमचं नाव वरून तिसरं असेल तर बदनामीचा दावा ठोकण्याची धमकी द्या. पहिलं असेल तर गप्प राहा. त्या पदाला एक वजन असतं.

शेवटी एखादा चिवट सेक्रेटरी निघतोच. तो सहकार कायद्याच्या १५४ बी-२९ कलमाखाली (जुनी माणसं अजून '१०१ ची केस' म्हणतात) उपनिबंधकांकडून वसुली दाखला आणतो. मग वसुली अधिकारी येतो, जप्तीची भाषा होते. इथे मात्र थोडं गांभीर्य हवं, कारण त्या माणसाला तुमच्या तत्त्वांशी देणंघेणं नसतं. त्या दिवशी भरा. चेक वटेल एवढं बघा, १३८ कलम हा वेगळा विषय आहे. भरताना मागच्या बाजूला 'निषेध नोंदवून' असं लिहा आणि देताना फोटो काढा. संध्याकाळी ग्रुपवर टाका, 'आज सोसायटीला भरीव आर्थिक मदत केली.'

सोबत द्यायच्या पत्राचा मसुदा खाली आहे. नावगाव घालून वापरा.

मा. सचिव यांस,

आपल्या तगाद्यास कंटाळून सोबत धनादेश जोडत आहे. स्टॅक पार्किंग गेले काही महिने बंद असल्याने मला झालेल्या मनस्तापाची भरपाई पुढील बिलातून वळती करावी. मशीन दुरुस्त झाल्यावर पहिली गाडी माझी लावण्यात यावी, कारण या विषयावर सर्वांत जास्त पत्रव्यवहार मीच केला आहे. व्याजमाफीचा ठराव पुढच्या सभेत मांडावा. मी अनुमोदन देईन.

आपला,
एक जागरूक सभासद

ता.क. माझे नवीन मेहुणे येत्या १ तारखेपासून राहायला येत आहेत. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. पाहुण्यांच्या जागेत सोय व्हावी.