वाळूत डोकं खुपसलेला शहामृग कुणी पाहिलाय?

‘संकट आलं की शहामृग वाळूत डोकं खुपसतो. त्याचा डोळा मेंदूपेक्षा मोठा, म्हणून तो मूर्ख. मादी एकटी अंडी उबवते, नर मजेत हिंडतो.’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. सोबतच्या फोटोतला पक्षी तर इमू आहे! आपल्याकडे मध्यंतरी इमूपालनाची लाट आली होती, त्यामुळे अनेकांच्या डोळ्यांसमोर इमूच असतो. पायाची बोटं मोजा. इमूला तीन, शहामृगाला दोनच.

आता डोकं खुपसण्याबद्दल. केनियात अंबोसेलीला भर दुपारी दुर्बिणीतून मला एक तपकिरी ढीग दिसला. वारूळ समजून मी नजर पुढे नेणार, तोच ड्रायव्हरने थांबायची खूण केली. वीसेक मिनिटांनी त्या ढिगातून काठीसारखी मान उभी राहिली. ती घरट्यावर बसलेली मादी होती. आमची गाडी येताना पाहून तिने मान जमिनीला समांतर, अगदी चिकटवून ठेवली होती. डोळे सताड उघडे, डोक्यावर वाळूचा कण नाही. उन्हाच्या झळांमध्ये फिकट मान मातीत मिसळून जाते आणि फक्त पाठीचा उंचवटा उरतो.

शिवाय शहामृगाचं घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा. त्यातली अंडी चोचीने फिरवताना डोकं खाली जातं. चरताना, खडे टिपतानाही जातं. लांबून पाहणाऱ्याचा गैरसमज इथेच होतो. ही समजूत आहेही फार जुनी. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की शहामृग झुडपात डोकं खुपसतो आणि आपण पूर्ण लपलो असं मानतो. झुडपात, वाळूत नव्हे. आपल्या अग्रलेखांतला ‘शहामृगी पवित्रा’ याच वंशातला.

डोळा मेंदूपेक्षा मोठा, हे खरं. पण पाच सेंटिमीटर व्यासाचा डोळा दोन मीटरहून जास्त उंचीवर असला की मोकळ्या माळावर काय दिसत असेल! १९७०च्या दशकात केनियातल्याच त्सावो अभयारण्यात प्राणिशास्त्रज्ञ ब्रायन बर्ट्रम यांनी शहामृगांवर बारकाईने काम केलं. त्यांना दिसलं ते असं: कळपात असताना प्रत्येक पक्षी एकट्याच्या मानाने कमी वेळा मान वर करतो, तरी कोणाची ना कोणाची नजर राखणीवर असतेच. आणि घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात, पण त्यांच्यापैकी उबवते ती फक्त मुख्य मादी. तिच्या अंगाखाली वीसेक अंडीच मावतात. जास्तीची बाहेर ढकलताना ती स्वतःची बरोबर ओळखून मध्ये ठेवते. आपल्याला सगळी सारखीच दिसतात. याला मूर्ख कसं म्हणायचं?

नराबद्दलचा आरोप मला सर्वांत जास्त लागला. दिवसा बहुतेक वेळ तपकिरी मादी बसते, रात्रभर काळा नर बसतो. साधारण सहा आठवडे हा क्रम चालतो. पिल्लं निघाल्यावरही तो सोबत असतो. शत्रू जवळ आला तर पंख मोडल्याचं सोंग करून तो त्याला भलतीकडे नेतो, आणि अंगावरच आला तर लाथ अशी मारतो की सिंहानेही विचार करावा.

नर पाहाल तेव्हा मान आणि मांड्या नीट बघा. अंबोसेली, मसाई मारा इथे त्या गुलाबी असतात. केनियाच्या उत्तरेला सांबुरूमध्ये करड्या-निळ्या. तो सोमाली शहामृग, आता वेगळी प्रजाती मानला जातो. आणि हा पक्षी आपल्याला अगदी परका नाही बरं का. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्याच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे मिळालेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे.

सफारीला गेलात तर एवढं करा. घरटं दिसलं तरी ड्रायव्हरला गाडी जवळ घ्यायला सांगू नका. पालक उठून गेला की अंडी उघडी पडतात आणि पांढरं गिधाड चोचीत दगड धरून ती फोडायला उतरतं.