नेहमीचाच

हार्ड डिस्कला कुलूप घालायची बुद्धी मला झाली ती ऑफिसातलं डेटा सुरक्षेवरचं व्याख्यान ऐकून. सोबत समोसा होता, त्यामुळे मन जरा हळवं झालेलं. घरी आलो आणि एक टीबीच्या डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं पासवर्डवालं कुलूप, लावून मोकळा झालो. आत काय, तर भाच्याच्या मुंजीचे फोटो, विजेची जुनी बिलं आणि 'नवीन फोल्डर (२)'. हे चोरायला कोण येणार होतं, देव जाणे.

परवा डिस्क जोडली, तिने पासवर्ड मागितला. डायरी काढली. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'हार्ड डिस्क – नेहमीचाच.'

नेहमीचा म्हणजे आमच्या जुन्या सोसायटीचं नाव, 'ज्ञानदीप', आणि पुढे फ्लॅट नंबर. पण इंग्रजी अक्षरांत 'ज्ञ' मी डी-एन-वाय असा लिहिला होता, की जे-एन, की हिंदीवाल्यांसारखा जी-वाय? 'दी' दीर्घ, म्हणून दोन ई घातले असतील? शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा मार्क कापणाऱ्या बाई आज एक टीबी कापत होत्या. चाळीसेक प्रकार झाले. डिस्क ढिम्म.

विसरभोळ्यांसाठी बिटलॉकर ४८ आकड्यांची रिकव्हरी की देतो, सहा-सहाचे आठ गट. ती मी छापून घेतली होती. हे बायकोला पक्कं आठवत होतं, कारण तोच कागद तिने दिवाळीत चकलीच्या डब्यात तळाला घातला होता. डबा माळ्यावरून काढला. कागद तेलाने पारदर्शक झालेला. पाच गट वाचता येत होते, उजवीकडचे तीन फाटून गेलेले.

भाच्याला बोलावलं. "मामा, यातल्या प्रत्येक गटाला ११ने भाग जातो," तो म्हणाला. मला एकदम धीर आला. "म्हणजे एका गटाच्या ६५,५३६च शक्यता." तो 'च' फार गोड वाटला. "तीन गटांच्या मिळून २८१ लाख कोटी. सेकंदाला एक टाकलास तर सुमारे ८९ लाख वर्षं."

"तोवर तुम्ही रिटायर व्हाल," बायको म्हणाली.

मग पुसायचं ठरलं. आणि इथे मला खरा राग आला. वाचायचं तर पासवर्ड हवा. पुसायला कुणी नावसुद्धा विचारत नाही! भाच्याने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्क हाताळायचं हत्यार) लिहिलं, 'लिस्ट डिस्क' म्हटलं. दोन ओळी आल्या: डिस्क ० आणि डिस्क १. शून्य म्हणजे खुद्द लॅपटॉप. "सिलेक्ट डिस्क..." म्हणून त्याचं बोट थबकलं, तेवढ्यात मी कुलदैवत गाठलं. एक आकडा चुकला, तर बायकोचं इन्कम टॅक्सचं सगळं काम विजेच्या बिलांच्या सोबतीला जाणार, असं मला वाटलं. (विंडोज ज्या डिस्कवरून चालू आहे ती डिस्कपार्ट पुसूच देत नाही, हे नंतर कळलं.) त्याने १ दाबलं, आकार पुन्हा ताडून पाहिला आणि 'क्लीन' लिहिलं. 'नक्की ना?' असं यंत्राने एका शब्दाने विचारलं नाही. गॅस बंद केलाय का हे आमच्याकडे तीनदा विचारतात! दोन सेकंदांत डिस्क कोरी.

बायकोने तेलकट कागद चिमटीत धरला. "हा टाकू ना आता?"

"थांब," मी म्हणालो. पाच गट अगदी स्पष्ट होते. कागद टिपून 'महत्त्वाचे' लिहिलेल्या फाईलमध्ये लावून ठेवला.