आहाहाचे दहा हजार

सोन्याचा भाव पेपरात येतो, कांद्याचा लासलगावहून कळतो. जुन्या मोटरसायकलचा भाव मात्र मालकाच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत खुद्द मालकालाही ठाऊक नसतो. आणि तो बाहेर पडतो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून. म्हणूनच पुण्यातून निघतानाच आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला दम दिला होता. "साहेब, गाडी आवडली तरी आवडली म्हणायचं नाही. काहीच म्हणायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

आम्ही वाईला एक जुनी मोटरसायकल बघायला निघालो होतो. येझदी रोडकिंग, १९८४ ची, एकहाती वापरलेली, मालक निवृत्त शिक्षक. जाहिरातीत 'विंटेज' असा शब्द होता. आता २०२१ साली केंद्र सरकारने नियम काढलाय, की पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी विंटेज ठरत नाही. आणि झाली, की तशी नोंद करून घ्यायची फी २० हजार. म्हणजे सरकारदरबारी ही अजून साधी सेकंडहँड गाडी. घासाघीस करताना हा मुद्दा हळूच पुढे सरकवायचा, म्हणून खंबाटकी घाटात मी तो दोनदा घोकला.

सरांनी पडवीतल्या गाडीवरची चादर ओढली. चॉकलेटी टाकी, रुंद हँडल, डावीउजवीकडे एकेक लांबलचक सायलेन्सर. नंबरप्लेटवर एमएच नाही. १९८९ च्या आधीची, एमपासून सुरू होणारी नुसती तीन अक्षरं. लहानपणी अशाच एका टाकीवर बसून मी शाळेत जायचो.

"आहाहा!" मी म्हणालो.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

"एक लाख दहा," सर म्हणाले.

(त्यांच्या मनात एक लाखच होते, हे मिस्त्रींनी मला परतीच्या वाटेवर तीन वेळा ऐकवलं. आहाहाचे दहा हजार.)

मिस्त्रींनी आधी सिलिंडरवर पंजा टेकवला. जुनी गाडी बघायला गेल्यावर ती आपल्यासमोर थंड असतानाच चालू झाली पाहिजे. आधीच तापवून ठेवली असेल, तर तिचं सकाळचं खरं रूप कळत नाही.

"सर, गरम लागतेय."

"हो, सकाळी दूध आणायला गेलो होतो ना."

मिस्त्रींनी नुसतं दाराशी टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. तिच्या हँडलला दुधाची ओली पिशवी लटकत होती. कोणी काही बोललं नाही. पण पाच हजार उतरल्याचं मला स्पष्ट जाणवलं.

मग खिशातून चुंबक निघालं. ते मुळात आमच्या फ्रिजवरचं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, मुलीची परवानगी न घेता आणलेलं. पत्र्यावर ते टपकन चिकटतं, पण रंगाखाली जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की घसरतं. टाकीच्या उजव्या अंगावर चिकटलं. डाव्या अंगावर स्ट्रॉबेरी निसटली आणि थेट सरांच्या चपलेवर पडली.

"एकदाच पडली होती, पसरणीच्या घाटात," सर म्हणाले. "मला काही झालं नाही."

"तुम्हाला झालं असतं तर रंग मारून भागलं नसतं," मिस्त्री म्हणाले. आणखी चार हजार.

पुढचा पेपर कागदपत्रांचा. चासीचा नंबर धुळीत बुजला होता. मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्याने तो पुसला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटत गेले, तसतसा माझा जीव आरसी बुकात अडकत गेला. चासीचा जुळला. इंजिनचाही जुळला. जुन्या गाडीत एवढं जमणं म्हणजे छत्तीस गुण जुळण्यासारखंच. पण आरसीच्या खालच्या कोपऱ्यात एका पतसंस्थेचा बोजा बसलेला.

"कर्ज १९८७ लाच फेडलंय," सर उसळले.

"संस्थेचा दाखला?"

"संस्था आता आहे कुठे दाखला द्यायला!"

तरी शिक्षक ते शिक्षकच. आतून एक फाइल आली, तिच्यात कर्ज फिटल्याचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी जपून ठेवलेला. फक्त तो घेऊन आरटीओत जायचं राहून गेलं होतं. शिवाय पंधरा वर्षांनंतरची नोंदणी एकदाच नव्याने केलेली, मग तीही राहून गेली. मिस्त्रींच्या ओठांची हालचाल पाहून मी ओळखलं, की दंड, पर्यावरण कर आणि आरटीओच्या फेऱ्या, सगळ्यांची बेरीज चालू आहे.

"मारू किक?" मी विचारलं. तेवढ्यासाठीच तर आलो होतो. येझदीत गिअरचा दांडा तोच किकचा दांडा. आत दाबायचा, वर फिरवायचा आणि मारायचा. तिसऱ्या किकला गाडी बोलली. पडवीभर निळा धूर झाला, त्यात सर दिसेनासे झाले. नुसता आवाज आला, "खंबाटकी चौथ्या गिअरवर चढायची! हिला बघायलासुद्धा मी हिच्यावरच गेलो होतो!"

"बसने आला होतात," धुरातून काकूंचा आवाज आला. "आणि उशिरा."

पहिली 'ही' कोण नि दुसरी 'ही' कोण, हे काकूंना बरोबर कळलं होतं. त्या चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "घेऊन जा हो. काय द्यायचं ते द्या. मला इथे वॉशिंग मशीन ठेवायचंय."

आता एकाच गाडीच्या तीन किमती झाल्या: सरांच्या लेखी १ लाख १०, काकूंच्या लेखी पडवीची रिकामी जागा आणि मिस्त्रींच्या हिशेबाने ४५. मिस्त्रींचा हिशेब असा, की क्रँकचा आवाज येतोय, इंजिन उघडावं लागणार. कंपनी १९९६ ला बंद पडली. सामान नाना पेठेत मिळालं तर ठीक, नाहीतर बुधवार-रविवारी जुन्या बाजारात हिंडायचं. "पण दोन्ही सायलेन्सर अस्सल आहेत," हे ते फक्त माझ्या कानात म्हणाले. त्या जोडीसाठी लोक अख्खी गाडी घेतात म्हणे.

मी विंटेजचा मुद्दा काढला. "मग मी साठीनंतरही ज्येष्ठ नागरिक नव्हेच म्हणायचा!" असं म्हणून सरांनी तो एका फटक्यात नापास केला. तासाभराने ते ७५ वर आले. मिस्त्री ६५ वर अडले. "सर, पाच मार्कांचा ग्रेस द्या."

"आयुष्यात कुणाला दिला नाही," सर म्हणाले. मग चावीकडे बघत म्हणाले, "सत्तर. पण एक चक्कर मारून येतो."

गेले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. काकूंनी दुसरा चहा दिला. मिस्त्री कुजबुजले, "परत आले की पासष्ट म्हणा. नक्की देतात." पाऊण तासाने कोपऱ्यावरून तो आवाज आला आणि पाठोपाठ सर. केस उडालेले, चष्मा खिशात, हँडलला दुधाची पिशवी.

मी मुकाट्याने सत्तर मोजले. मिस्त्रींनी या वेळी डोळे उघडेच ठेवले, पण माझ्यावर रोखून.

काकूंनी पिशवी हातात घेतली. "आता हे कशाला? सकाळीच आणलंत ना, सायकलवरून?"