नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे

स्त्री-पुरुषांना वेगळं ठेवणं हा इस्लामचा गाभाच आहे, त्यामुळे धर्मस्वातंत्र्यात ते आपोआप येतं, हे एका लेखातलं विधान मला पटलं नाही. कुराणातल्या सूरह नूर या अध्यायात नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे (आयत म्हणजे वचन, क्रमांक 30), स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. प्रवचनांत मात्र जोर नेहमी दुसरीवरच का? 'अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका' ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. पैगंबरांच्या मशिदीत स्त्रिया पुरुषांच्या मागच्या रांगांत नमाज पढत. मक्केत काबाभोवतीचा तवाफ (प्रदक्षिणा) तर आजही स्त्री-पुरुष एकत्रच करतात.

नमाजेच्या रांगा वेगळ्या असतात, ते मान्यच. एखादी बाई स्वतःच्या श्रद्धेने पडदा पाळत असेल तर तिला कुणीही, अगदी सरकारनेसुद्धा, अडवू नये. पण 'धर्मात जबरदस्ती नाही' (सूरह बकरा, आयत 256) हे परधर्मीयांना अभिमानाने ऐकवायचं आणि घरातल्या मुलीच्या बाबतीत विसरायचं, हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. एवढ्या मोठ्या लेखात तिला स्वतःला काय हवं आहे, यावर एक ओळही नसावी याचं फार वाईट वाटलं.