लेकरांचं स्वागत असो, ओट्यापासून चार हात लांब

नागपुरात मानेवाड्याला किंवा बेस्याला नवा फ्लॅट झाला, घरात चार वर्षांचं लेकरू आहे आणि त्याला स्वयंपाकाची गोडी लागावी अशी तुमची फार इच्छा आहे. अभिनंदन. आता स्वयंपाकघर त्या हिशोबानं करून घ्या.

सुरुवात कपाटांपासून. पांढरंशुभ्र, चकाकणारं ॲक्रिलिक निवडा. हळदीचं बोट त्यावर असं उमटतं की गुन्हेगार शोधायला चौकशी बसवावी लागत नाही. ओटा 34 इंच उंच ठेवा. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण 40 इंच असते, म्हणजे ओट्याची कड बरोबर हनुवटीशी येते. वर काय शिजतंय ते नाकाला कळतं, हाताला काही लागत नाही. रुंद पायांचं, न डुगडुगणारं एखादं स्टूल ठेवलं तर ही अडचण सुटते, म्हणून तेवढं ठेवू नका.

जुन्या नागपुरातल्या, महाल भागातल्या घरांत ही सोय नव्हती. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटाही जमिनीवर. पोट्टं रांगत यायचं ते थेट कणकेच्या परातीत. आजी त्याच्या हातावर कणकेची गोळी ठेवायची, ते तिची चिमणी करायचं, मग ती काळीकुट्ट चिमणी तव्यावर भाजून खायचंही. धोका होता, राख होती, विळी तर उघडीच असायची. उभ्या ओट्यानं आजीची कंबर वाचवली आणि पोट्ट्यांना हद्दपार केलं. एका दगडात दोन पक्षी.

सुरक्षेचं म्हणाल तर कढईचा दांडा भिंतीकडे वळवणं, तापलेलं भांडं मागच्या बर्नरवर ठेवणं, काम झालं की रेग्युलेटर बंद करणं, लेकरू जवळ असताना कुकर न उघडणं, या किरकोळ गोष्टींत डोकं घालू नका. ‘काय करून राहिला बे? हो तिकडे!’ हे एक वाक्य सगळ्यांना पुरतं.

तरीही ते ऐकत नसेल तर त्याला प्लास्टिकचा किचन सेट आणून द्या. त्यात प्लास्टिकचं गाजर, प्लास्टिकचं अंडं आणि वेल्क्रोनं चिकटवलेला ब्रेड असतो. तो ब्रेड तीन वेळा कापला की लेकरू कंटाळून पुन्हा तुमच्या पायात येतं. तेव्हा त्याच्या हातात मोबाईल द्या. त्यावर दुसऱ्याच देशातलं कुणाचं तरी पोर केक करत असतं.

शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष नको. मारिया माँटेसरी 1939 मध्ये भारतात आल्या आणि त्यांच्या पद्धतीच्या वर्गांत मुलं एका वाटीतले दाणे दुसऱ्या वाटीत ओततात, केळ कापतात, टेबल पुसतात. तुम्ही त्यांचं नाव पाटीवर असलेली शाळा शोधा आणि भरभक्कम फी भरा. तिथे मुलीनं मुगाची डाळ या वाटीतून त्या वाटीत ओतली की तो ‘विकास’. घरी तेच केलं की ‘पसारा’. हा फरक तिला लहानपणीच कळलेला बरा.

शाळेत फायरलेस कुकिंगची स्पर्धा असतेच. आदल्या रात्री जागून बिस्किटांवर चीज, चीजवर द्राक्षं, द्राक्षांवर छत्र्या खोचण्याचं काम तुम्ही उरका. सकाळी मुलीला एप्रन घाला आणि ‘मी स्वतः केलं’ एवढं पाठ करून घ्या.

हिवाळा जरा जोखमीचा काळ. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, स्वस्त होतो, घरोघरी सांबारवडीचा बेत ठरतो. एवढाल्या जुड्या निवडायच्या असतात आणि हे काम तीन वर्षांच्या पोरालाही जमतं: पान इकडे, जाड काडी तिकडे. शिवाय वाटाणे सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, उकडलेल्या आलूंची सालं काढणं. कुठे सुरी नाही, कुठे जाळ नाही. पण त्याला बसवलंत तर अर्ध्या तासाचं काम दीड तास चालतं, अर्धे वाटाणे पोटात जातात, आणि एकदा हातानं निवडलेला सांबार ते पोरगं पोह्यांवरून वेचून बाजूला काढत नाही. म्हणजे ‘आमचा काही खातच नाही हो’ हा सोसायटीतल्या गप्पांचा हक्काचा विषय गेला. विचार करून पावलं उचला.

उन्हाळ्यात भीती नाही. पारा 45 च्या वर, पंखा लावला तर गॅस विझतो, कूलरची हवा हॉलच्या पुढे येत नाही. अशा भट्टीत लेकरू स्वतःहूनच थांबत नाही. पूर्वी याच दिवसांत गच्चीवर वाळवणं व्हायची. कुरड्यांचा चीक वाटीत घेऊन पोरं बसायची, सरगुंड्यांसाठी काड्यांवर कणकेची दोरी गुंडाळायची, राखणीला बसवलं की कावळ्यांपेक्षा जास्त स्वतःच फस्त करायची. आता कुरड्या पाकिटात मिळतात, आणि पोरं त्याच सुट्टीत एसी हॉलमधल्या ‘ज्युनियर शेफ’ शिबिरात जातात. परत येताना प्रमाणपत्र आणतात. ते फ्रीजवर चुंबकानं लावा.

एक राहिलंच. वरची सगळी खबरदारी मुलीपुरती. घरात मुलगा असेल तर ॲक्रिलिक, ओटा, कशाचीही गरज नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या सणाला, त्याच्या हातात लाकडी नंदी द्या, बहिणीच्या हातात आरतीचं ताट द्या, बाकीचं घर आपोआप शिकवतं. पुढे कधीतरी जेवणाच्या टेबलावरून ‘आई, आज मीठ कमी पडलं बघ’ एवढं त्याला बिनचूक म्हणता आलं की त्याचं स्वयंपाकाचं शिक्षण पूर्ण झालं समजा.